पाय टेकायला जागा

जळगावात आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने दोन दारं होती. एक सासऱ्यांच्या दवाखान्याचं, दुसरं माझ्या दवाखान्याचं. सासरे वैद्य होते. घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणत. मी मुंबईला फिजिओथेरपी शिकून, धुळ्याच्या माहेरातून लग्न होऊन इथे आलेली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तरी माझ्या विद्येचं नाव घेताना लोकांची जीभ अडखळायची. त्यांनी सोपं नाव शोधलं: करंटवाली बाई. शेक द्यायची यंत्रं, वितळलेल्या मेणाचं भांडं, मान ओढायचा पट्टा आणि एक उंच टेबल, एवढ्या भांडवलावर मी मोठ्या तोऱ्यात होते.

दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार होतं, पण त्याला कडी कधी लागली नाही. नानांची खोली जुनी, उंच जोत्याची. माझी मागाहून काढलेली, म्हणून दोन पायऱ्या खाली. कोणतं शास्त्र वरचं हे गवंड्यालासुद्धा कळलं होतं, असं नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी म्हणायची, म्हणून तर तुमचे पेशंट उतरून माझ्याकडे येतात. खरं म्हणजे पेशंट आम्हा दोघांनाही गुंडाळत होते. माझ्याकडे गुडघा शेकून घ्यायचा आणि रस्त्याने वळसा घालून नानांच्या दारात तेल मागायला उभं राहायचं. मधल्या दाराने गेलं तर बाई रागावेल, ही भीती. आणि मी रागवायचीच.

त्या दोघी आल्या तेव्हा होळी नुकतीच झाली होती. एरंडोलच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या सासू-सुना. सासू पन्नाशीची, काटक, उन्हाने रापलेली; गावात तिला अक्का म्हणत, आम्हीही अक्काच म्हणू लागलो. सून जामनेरकडची, उंच, हाडापेराने चांगली, पण खांदे कानाशी आल्यासारखे वर चढलेले. जळगावच्या एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून पाठवली होती. चिठ्ठीत खांद्याबद्दल दोन ओळी, आणि खाली, बाकी काही आजार नाही.

काय झालं ते अक्काने सांगितलं. संक्रांतीच्या सुमाराला घरात कापूस भरलेला होता. आमच्याकडे भाव चढायची वाट पाहत शेतकरी कापूस घरातच रचतो. मधली खोली पार आढ्यापर्यंत भरते आणि माणसं ओट्यावर झोपतात. गाडी भरायची होती म्हणून सून ढिगाच्या पायथ्याशी बसून कापूस ओढत होती. वरचा सगळा ढीग घसरला आणि ती त्याखाली गेली. काढली तेव्हा शुद्धीवर होती. तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नव्हता, पाठ टेकून झोपता येत नव्हतं, अंगावर गोधडी चालत नव्हती. रात्रभर भिंतीला टेकून बसायची.

"कापूस शे बाई तो. दगड थोडाच पडना?" अक्का म्हणाली. "तिना आंगवर वरखडा बी नही."

मलाही आतून तसंच वाटलं, हे सांगून टाकते. कापसाच्या ढिगात उड्या मारून आमची पिढी मोठी झाली. धुळ्याजवळच्या काकांच्या गावी आम्ही भावंडं माळ्यावरून खाली कापसात झोकून द्यायचो, मग दिवसभर अंग खाजवत बसायचो आणि मार खायचो. कापसाने कोणाला काही होतं, हे खानदेशातल्या माणसाच्या डोक्यात शिरणं अवघड. छाटलेलं बोट, मोडलेला पाय, भाजलेली पाठ, याला गाव मान देतं. कापसाखाली दबलेल्या बाईला काय म्हणायचं? गावाने तिला काही दिवस 'धसका घेतला' म्हटलं, मग 'बाहेरचं आहे' म्हटलं, आणि आता 'ढोंग' म्हणायला लागलं होतं.

मी खांदा तपासला. सांध्यात काहीच अडकलेलं नव्हतं. कोनमापक लावून मोजायला गेले की हात खांद्याच्या रेषेपर्यंत येई आणि तिथे आतून कोणीतरी दार लावून घेतल्यासारखा थांबे. श्वास तर गळ्याखाली उतरतच नव्हता. मी तिला टेबलावर आडवं केलं, खांद्यावर गरम शेकाची पिशवी ठेवली, ऊब टिकावी म्हणून त्यावर टॉवेल आणि टॉवेलावर कापसाची जाड गादी, जशी सगळ्यांना घालते तशी. मी यंत्राकडे वळते न वळते तोच ती टेबलावरून उडाली आणि अनवाणी रस्त्यावर. समोरच्या किराणा दुकानाचा मारवाडी शेठ गल्ला सोडून बाहेर आला. अक्का माझ्या दारात उभी होती. तिने सुनेला धरलं नाही, नुसती बघत राहिली. मला तेव्हा तिचा रागच आला.

नानांना मधल्या दारातून सगळं दिसलं होतं. जेवताना ते भाकरी मोडत मिशीत हसत होते. पुढच्या खेपेला त्यांनी तिला आपल्याकडे घेतलं. भीतीने वायू बिघडतो, बिघडलेल्या वायूला तेल आणि घाम, इतकं सरळ आहे, असं त्यांनी मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मदतीला येणाऱ्या बाईकडून तेल लावून घेतलं, मग निरगुडीची वाफ, आणि वाफ बाहेर जाऊ नये म्हणून वरून घोंगडी. थोड्याच वेळात घोंगडी, पातेलं आणि निरगुडीचा पाला खोलीभर झाला आणि सून पुन्हा रस्त्यावर. शेठ पुन्हा बाहेर आला.

त्या दुपारी मी हसले नाही. नाना आपल्या आरामखुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, तुझ्या शास्त्राला आणि माझ्या शास्त्राला रोगी आडवाच लागतो, आडवा आणि झाकलेला. ती उभी राहायला बघतेय आणि आपण दोघं तिला परत त्याच ढिगाखाली घालतोय. नाना चुकले की मला गुदगुल्या होत, पण इथे आम्ही दोघंही एकाच वाटेने एकाच खड्ड्यात गेलो होतो.

मग आमचं ठरलं. तिला आडवं करायचं नाही. झाकायचं नाही. खुर्ची रस्त्याच्या दाराशी, दार सताड उघडं, जेणेकरून कधीही उठून जाता येईल. आणि खांद्याला हातच लावायचा नाही. नानांनी सुचवलं पायांपासून सुरू करायला, काशाच्या वाटीने. ही वाटी त्यांच्या आईची होती. पायांची आग होत असली की तळव्याला तूप लावून अशा वाटीने घासायचं, हे आमच्याकडे कितीतरी घरांत चालतं. वाटी माझ्या खोलीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर असे, कारण नानांच्या खोलीतून ती एकदा हरवता हरवता वाचली होती. माझी उंची बेताची. दर वेळी मला स्टूल घ्यावं लागे, आणि नाना तेवढ्यात काहीतरी बोलून घेत.

पण पाय देईल तर ना. मी खाली बसून तिचा पाय मांडीवर घ्यायला गेले, तर तिने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढले. डॉक्टरीणबाईने पायाला हात लावायचा? पाप लागेल. नानांनी लावणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं, म्हणून ते वरच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले आणि तिथून सूचना करू लागले. शेवटी मी चिडून म्हटलं, बाई, मुंबईला मी अनोळखी पुरुषांचे पाय धरायला शिकले, त्याची परीक्षा दिली, आता तू मला पाप शिकवू नकोस. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि हसता हसता तिने एक पाय पुढे केला.

वाटी फिरायला लागली. तूप काळं पडत गेलं. अंगातली उष्णता उतरतेय, नाना म्हणाले. धातूचा रंग उतरतोय, मी म्हटलं. अक्का नेहमीप्रमाणे वरच्या पायरीवर, मधल्या दाराच्या चौकटीला लागून उभी. बाकड्यावर बसा म्हटलं तर बसायची नाही. हात पदराखाली गुंडाळलेले.

असं आठवड्यातून दोनदा चाललं. एसटीने यायच्या, एसटीने जायच्या. मी तळव्यांनंतर पोटऱ्यांकडे सरकले. तिला पाय जमिनीवर दाबायला लावायची, टाच, मग चवडा, मग पुन्हा टाच. माझ्या पुस्तकातला साधा व्यायाम, तोल जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी असतो. नानांनी त्याला श्वास जोडला. पाय दाबताना तोंड मिटून गुणगुणायचं, दम संपेपर्यंत. श्वास घे असं म्हणायचं नाही, सोड एवढंच म्हणायचं, घेणं शरीर आपोआप बघेल. त्यांचा वायू आणि माझे स्नायू, दोघंही एकाच बाईच्या बरगड्यांत अडकले होते, तेव्हा नावावरून भांडण्यात अर्थ नव्हता. तरी आम्ही भांडलो, सवयीने.

एकदा असं पाय दाबताना तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. आधी थोड्या, मग चांगल्या जोरात, खुर्ची फरशीवर वाजायला लागली. मी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे. मला वाटलं झटका आला की काय, पण ती शुद्धीवर होती, माझ्याकडे बघत होती. काय करावं ते मला सुचलं नाही, त्यांनाही नाही, म्हणून आम्ही काहीच केलं नाही. मी फक्त तिची पावलं जमिनीवर धरून ठेवली. थरथर आपली आपण थांबली. तिने खोल श्वास सोडला, तो थेट पोटातून आला, आणि म्हणाली:

"तिथं पाय टेकायले जागाच नव्हती."

एवढ्या दिवसांत त्या घटनेबद्दल ती पहिल्यांदा बोलली. मग हळूहळू बाकीचंही सांगितलं. ढीग अंगावर आला तेव्हा ती आडवी नाही पडली, उभीआडवी कशीतरी तरंगत राहिली. लाथ मारावी तर कापूस बाजूला होई आणि परत भरून येई. ढकलावं तर ढकलायला काही नाही. दगड असता तर हाताला लागला तरी असता. ओरडायला तोंड उघडलं की तोंडात कापूस. मी पावलं सोडली नाहीत. मला रडू येत होतं आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. वर पायरीवर अक्का उभी होती ना, ती तेवढ्यात बाहेर निघून गेली होती. बसस्टँडवर सून तिला शोधत गेली.

त्यानंतर सून भराभर सुधारली. रात्री थोडं कलून झोपायला लागली. तीन वर्षांची मुलगी होती तिला. तिला मांडीवर घेते आता, असं सांगितलं. आवाज मोठा झाला. हात मात्र खांद्याच्या रेषेवरच थांबलेला. आणि मग चैत्र संपत आला तेव्हा अक्काने मला बाहेर ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं की आता पुरे.

"आखाजीले तिले माहेर धाडी दिसूत. पोर आमनाजोडे राही. मंग दखसूत."

अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशातल्या लेकीला दिवाळीपेक्षा आखाजी जवळची. माहेरी जायचं, झाडाला झोके बांधायचे, मांडे खायचे, गाणी म्हणायची. मी स्वतः दर आखाजीला धुळ्याला पळायची आणि नवऱ्याला बँकेतून येऊन हाताने चहा करून प्यायला लावायची. पण पोर ठेवून घेऊन लेकीला आखाजीला धाडायचं, याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मूळ पाठवायचं नाही, न्यायला कोणी जायचं नाही. मग लेकीची ती आखाजी कधी संपतच नाही. मी अक्काला खूप बोलले. तुमची सून बरी होतेय, तुम्हाला दिसत नाही का, डोळे फुटले का, असंही बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली:

"तिले दखी दखी मना जीव घाबरस."

मी ते तक्रार म्हणून ऐकलं. घरात अशी सून नको, असं. आत येऊन नानांना म्हटलं, बाई दगड आहे. नाना म्हणाले, दगड आठवड्यातून दोनदा एसटीने येत नाही. मला ते आवडलं नाही. सुनेची बाजू घ्यायची सोडून हे अक्काची घेत होते.

आखाजी तोंडावर आली. त्या खेपेला त्या आल्या तर दिवे गेलेले. पंखा बंद, यंत्रं बंद, वैशाखाचं ऊन दारातून आत आलेलं. सुनेला सासूचा बेत ठाऊक होता. तिचे खांदे पुन्हा वर चढले होते आणि तोंड एवढंसं झालं होतं. मला काही सुचत नव्हतं. खुर्चीवर बसवण्याऐवजी मी तिला समोर उभं केलं, तळहाताला तळहात लावला आणि म्हटलं, ढकल मला. त्या दिवशी ढकलायला काही नव्हतं ना, आता मी आहे. तिने ढकललं. छान ढकललं, मी भिंतीपर्यंत गेले. पण छातीच्या उंचीवरच. हात वर नेऊन ढकल म्हटलं की थांबे. आणि मी पडले बुटकी; मी हात कितीही वर केले तरी ते तिच्या कपाळापाशी.

अक्का पायरीवर उभीच होती. सुनेपेक्षा दोन पायऱ्या वर. मी काही मोठा विचार करून नाही म्हटलं. मला उंच माणूस हवा होता. म्हटलं, अक्का, तुम्ही वरून हात धरा हिचे.

अक्का हलली नाही. पदराखालचे हात तिने आणखी पोटाशी घेतले. मी पुन्हा म्हटलं, जरा तोडूनच. तेव्हा तिच्या मागून नाना हळू आवाजात म्हणाले, "अक्का, हात बाहेर काढा."

तिने काढले. ते हात थरथरत होते. थंडीने नव्हे, वयाने नव्हे. सुनेच्या मांड्या ज्या तऱ्हेने थरथरल्या होत्या अगदी त्याच तऱ्हेने. मी ते ओळखलं आणि माझा सगळा राग एका क्षणात गळून पडला. एवढे दिवस ही बाई हात लपवून माझ्या दारात उभी होती आणि मी तिला दगड म्हणत होते.

"मीच तिले सांगेल व्हतं, खालतून काढ म्हनीसन," अक्का म्हणाली. ती आमच्यापैकी कोणाशीच बोलत नव्हती. "घरमा कोनीच नव्हतं. जितला काढू तितला परत ये. जितला काढू तितला परत ये."

एवढंच दोनदा म्हणाली. पुढचं मला न सांगताही दिसलं. ढिगावर गुडघ्यांवर बसलेली एक बाई, दोन्ही हातांनी कापूस मागे फेकतेय, आणि खड्डा भरून येतोय. तिच्याही हाताला काही लागत नव्हतं.

सून खाली उभी राहून सासूकडे बघत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचा हातच तर दिसला मले. बाकी समदं पांढरं."

आणि तिने हात वर केला. मी सांगितलं नाही, नानांनी सांगितलं नाही. खांद्याची रेषा ओलांडून, कानाच्या वर, डोक्याच्या वर, वरून येणाऱ्या त्या हातांपर्यंत. अक्काने तिचं मनगट पकडलं, बहुतेक त्या दिवशी पकडलं होतं तसंच. दुसराही हात वर गेला. दोघी एकमेकींना धरून उभ्या, एक वर, एक खाली, आणि दोघींचेही हात थरथरत होते. कोणती थरथर कोणाची ते कळत नव्हतं. कोनमापक माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. नाना वळून आपल्या बरण्या पुसायला लागले, ज्या त्यांनी आयुष्यात कधी पुसल्या नव्हत्या.

त्यानंतर अक्का आखाजीचा बेत बदलते म्हणाली का? नाही. पदर सारखा केला, एसटीची वेळ झाली म्हणाली, आणि दोघी गेल्या. मला वाटलं होतं की एवढं झाल्यावर माणूस काहीतरी बोलेल. पण हात वर जाणं एक आणि घरातला शब्द फिरवणं दुसरं, हे मलाही कळत होतं. शब्द घरात, चारचौघांत दिलेला होता.

मी आखाजीला धुळ्याला गेले. निंबाच्या झाडाला झोका होता, बहिणी होत्या, आईने उपड्या खापरावर मांडे टाकले होते, आणि माझं कशात लक्ष नव्हतं. झोका वर जाई तेव्हा पाय जमिनीवरून सुटत, आणि मला तिचंच वाक्य आठवे. जामनेरला कोणत्यातरी झाडाखाली ती असेल, आणि पोर इकडे एरंडोलच्या बाजूला. बहिणीने विचारलं, काय गं, नवऱ्याशी भांडून आलीस का? मी हो म्हटलं, समजावत कोण बसणार.

जळगावला परत आले तेव्हा नानांना पहिला प्रश्न तोच विचारला. काही निरोप नाही, ते म्हणाले. खेपेचा दिवस आला, त्या आल्या नाहीत. पुढचाही तसाच गेला. ऊन असं तापलं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. नाना मला म्हणाले, आपण खांदा मोकळा केला, घर मोकळं करणं आपल्या हातात नाही. माझा जीव तडफडत होता आणि मला त्यांचं ते शहाणपण नको होतं. तसं मी त्यांना सांगितलंही.

मग एका दुपारी दारात तिघी उभ्या. सून, कडेवर पोर, आणि तिच्या पुढे अक्का, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. जामनेरच्या गाडीतून उतरून थेट आमच्याकडे आल्या होत्या. मला आधी उलगडाच होईना. पोर तर सासरी ठेवलेली, मग जामनेरच्या गाडीत कशी? सुनेने सांगितलं. आत्याबाई स्वतः आल्या न्यायला, पोर घेऊन. आमच्याकडे लेकीला न्यायला नवरा जातो, दीर जातो, गडी जातो. सासू सुनेच्या माहेरी मूळ घेऊन गेली, हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. जामनेरच्या लोकांनीही ऐकलं नव्हतं. सगळी गल्ली बघायला आली होती म्हणे, आणि विहिणीला कुठे बसवावं ते कोणाला सुचेना.

फडक्यात मांडे होते, सुनेच्या माहेरचे. कोणी टाकले, मी विचारलं. मांड्याला दोन्ही हात मोकळे लागतात. पिठाचा तो मऊ पांढरा गोळा हातांवर खेळवत, कोपरापर्यंत पसरवत न्यावा लागतो. सून नुसती हसली. अक्का म्हणाली, हिचा एक फाटला.

तेवढं बोलून अक्काने वहाणा दाराबाहेर काढल्या, आत आली, आणि रस्त्याच्या दाराशी ठेवलेल्या त्या खुर्चीवर बसली. आमच्या घरात ती कधी बसलीच नव्हती. दोन्ही हात तिने उघडे मांडीवर ठेवले. पाय फरशीवर टेकले, मग एक पाय जरा पुढे केला.

"आते मना पाय दख," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, लाजली होती.

मी स्टूल शोधायला वळले. पण सुनेने पोर माझ्याकडे दिली, भिंतीपाशी गेली, आणि वरच्या फळीवरून नानांची काशाची वाटी काढली. हात पुरा वर गेला आणि परत आला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती खाली बसली, सासूचा पाय मांडीवर घेतला, आणि तूप कुठे ठेवलंय, असं मला विचारलं.